ह्यूस्टनची शाबासकी

निशिकांत पेठकरला इंग्रज माणसाचं बोलणं सोलता यायचं. वरची साल काढून आतला गर तो अलगद समोरच्याच्या हातावर ठेवायचा.

जुरोंग ईस्टच्या त्या ऑफिसात कुणी नवीन लागलं की पहिल्या आठवड्यातच लंडनहून आलेली एखादी मेल छापून निशिकांतच्या टेबलाशी हजर. "सर, ही सेज व्हेरी इंटरेस्टिंग. आवडलं म्हणजे, ना?" निशिकांत चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद दूर धरायचा आणि वैद्यानं नाडी बघावी तसा चेहरा करून सांगायचा, "नुसतं इंटरेस्टिंग असेल तर पुन्हा कर. व्हेरी इंटरेस्टिंग असेल तर पुन्हा कर आणि आठवडाभर त्यांच्या समोर जाऊ नकोस." 'क्वाइट गुड' म्हणजे बेतास बात. 'कदाचित माझीच समजण्यात चूक होत असेल' म्हणजे तू गाढव आहेस. आणि 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' अशी सुरुवात झालीच, तर बॅगा कुठं ठेवल्यात ते बायकोला विचारून घ्यावं.

हे ज्ञान त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. निशिकांत मूळचा अलिबागचा, बारा वर्षं जहाजाच्या इंजिन-रूममध्ये काढलेला. तिथं शेजारी उभ्या माणसाला 'पाना दे' म्हणायचं तरी घसा खरवडून ओरडावं लागतं. एकोणीसशे नव्याण्णव साली तो जमिनीवर आला आणि हॉथर्न अँड पायक या कंपनीत लागला. जहाजं तपासायची आणि अहवाल लिहायचे, हा तिचा धंदा. पहिल्याच दिवशी तो फोनवर असा गरजला, की अख्ख्या मजल्यानं माना वळवल्या. मग कोपऱ्यातल्या केबिनमधून ह्यू पेम्बर्टन बाहेर आले. बगळ्यासारखे उंच, बगळ्यासारखेच पाय टाकणारे. अगदी हळू म्हणाले, "मिस्टर पेठकर, तुम्हाला ऐकायला थोडं कमी येतं की काय, असा मला उगीच एक विचार आला." निशिकांत बिचारा दुसऱ्या दिवशी कान तपासून आला आणि रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला. कान ठणठणीत! पेम्बर्टन साहेबांनी रिपोर्ट वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "हाऊ रिअॅशुअरिंग." याचा अर्थ कळायला निशिकांतला दोन वर्षं लागली. कळला तेव्हा तो बाथरूममध्ये जाऊन एकटाच लाल झाला.

त्यानंतर त्यानं आवाज खाली आणला. मग हात खाली आणले. मग भुवयासुद्धा. 'या जहाजाच्या तळाला भोक पडलंय' असं न लिहिता 'पुढील प्रवासापूर्वी तळाकडे एकवार पाहिलं गेल्यास ते अनाठायी ठरू नये' असं लिहायला शिकला. सतरा वर्षांत त्याला शाबासकी मिळाली ती मोजून तीनदा. दोन हजार एक साली 'नॉट बॅड', आणि महिन्याभरात बढती. दोन हजार आठला 'रादर युजफुल', आणि बढती पुन्हा. दोन हजार तेराला आठ माणसं एका दिवसात घरी गेली, तेव्हा लिफ्टमध्ये पेम्बर्टन साहेब छताकडे बघत म्हणाले होते, "मी तुमच्या जागी असतो तर फारशी काळजी केली नसती." निशिकांत त्या रात्री ढाराढूर झोपला. कुमुद, त्याची बायको, टक्क जागी.

"अहो, पण नोकरी राहणार असं म्हणाले का ते?"

"त्याहून जास्त म्हणाले."

आणि खरंच राहिली.

पण दोन हजार सोळा उजाडलं आणि तेलाचे भाव असे कोसळले की ईस्ट कोस्टच्या समुद्रात रिकामी जहाजं नांगर टाकून डुलत बसली. जहाजं फिरेनात, तर तपासणार काय? मे महिन्यात हॉथर्न अँड पायक ह्यूस्टनच्या एका कंपनीनं विकत घेतली आणि जूनमध्ये डेल हेन्सली हा नवा साहेब आला. रुंद, गुलाबी, दात असे की नजर दुसरीकडे जाऊच नये. तो दारातून आत आला की दार आहे यावरच खूश व्हायचा. "हे गाइज! लव्ह द एनर्जी!" चहावाल्या आंटीनं कॉफी दिली तर "यू आर अ लाइफसेव्हर!" आंटी घाबरून दोन पावलं मागं. डेलसाहेब आल्याबरोबर बातमीही आली: ऑगस्टअखेर चाळीसांतली पंधरा माणसं कमी होणार. यादी डेलसाहेबांकडे.

निशिकांतच्या घरी या यादीचा अर्थ एकच होता. त्याची मुलगी शिवांगी दहावीच्या बरोबरीच्या वर्गात, ओ-लेव्हलला. पहिला मोठा पेपर ऑक्टोबरच्या मध्यावर. बापाची नोकरी गेली की बापाचा पास, म्हणजे या देशात राहण्याचा परवाना, जाणार, त्याच्या मागून कुमुदचा आणि तिचा. मग तीस दिवसांत गाशा गुंडाळायचा. दहा वर्षं शिकून परीक्षेला बसताच येणार नाही. ऑक्टोबरपर्यंत कसंही करून टिकायचं, एवढंच निशिकांतला पाहिजे होतं. नोव्हेंबरनंतर हाकलून दिलं तरी तो 'थँक यू' म्हणून जिना उतरला असता.

यातच ते नाटक आलं.

कंपनीत पेम्बर्टन साहेबांनी चालवलेली एक नाट्यमंडळी होती. दर ऑगस्टला वन-नॉर्थला एक छोटा हॉल भाड्यानं घेऊन एक इंग्रजी नाटक. निशिकांत चौदा वर्षं त्यात होता. आधी दिवे, मग सोफे उचलणं, मग एकदा पोस्टमन, एक वाक्य. यंदा पहिल्यांदा त्याला खरी भूमिका मिळाली होती. बटलर हॉब्स. सात वाक्यं.

नाटकाचं नाव 'थोडंसं ढगाळ'. इतकं ब्रिटिश, की त्यात काही घडतच नाही. एका म्हाताऱ्या मेजरची बायको त्याला सोडून गेलीय. पण दोन तासांत ही गोष्ट कुणी उच्चारत नाही. गुलाबावर मावा पडलाय, मुरंबा यंदा पातळ झालाय, व्हिकारचा, म्हणजे गावच्या पाद्र्याचा, गुडघा दुखतोय, यावरच सगळे बोलतात. रोज चार वाजता हॉब्स चहाचा ट्रे आणतो, दोन कप. मेजर एकात ओतून घेतो, दुसरा तसाच. शेवटच्या प्रवेशात हॉब्स ट्रे घेऊन येतो, त्यावर एकच कप. म्हणतो, "आज एकच आणलाय, सर." मेजर बराच वेळ कपाकडे बघतो आणि म्हणतो, "बरं केलंस, हॉब्स." पडदा.

एच.आर.च्या मिस टे तालमीला येऊन बसल्या. पडदा पडल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. "मिस्टर पेम्बर्टन, व्हेरी नाइस लाह. बट ब्रिटिशवाले हसत होते, ओके. आता वरचे सगळे अमेरिकन. फ्रंट रो फुल अमेरिकन. दे कॅन एन्जॉय ऑर नॉट?"

"मला वाटतं," पेम्बर्टन साहेब म्हणाले, "ते आपल्याशी फार दयाळूपणे वागतील."

मिस टे खूश होऊन लिहून घेऊ लागल्या. निशिकांतनं त्यांच्या कानाशी वाकून सोललं, "म्हणजे कंटाळून मरतील."

"अय्यो! मग एंडिंग चेंज करा ना. वाइफ कमबॅक. अ बिट ऑफ हगिंग. सगळे हॅपी!"

पेम्बर्टन साहेबांच्या चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही. "काय विलक्षण कल्पना आहे," ते म्हणाले. त्या वाक्याची साल निशिकांतनं काढलीच नाही. मिस टे बऱ्या बाई होत्या.

पण रात्री जेवताना तो तेच बोलत होता. "अमेरिकन माणसाला हे पोचणार कसं? त्यांच्याकडे बायको सोडून गेली तर तो टीव्हीवर जाऊन सांगतो. इथं सगळा मामला एका कपावर. कप दिसला नाही तर नाटकच दिसलं नाही!"

"हेच मी गेली वीस वर्षं तुमच्याबद्दल म्हणते," कुमुद पोळी वाढत म्हणाली. "आणि घरी तुम्ही कधी चहा आणून दिल्याचं मला आठवत नाही. एक कप नाही नि दोन नाही."

"बाबा, यू वरी फॉर व्हॉट?" शिवांगी ताटावरून मान वर न करता म्हणाली. "दे अमेरिकन, एव्हरीथिंग ऑल्सो ऑसम. माझ्या स्कूलमध्ये एक्सचेंजवाली आली होती ना, तिला कॅन्टीनचा नूडल दिला, 'ओ माय गॉड, लाइफ-चेंजिंग.' अर्धा फेकून दिला लाह."

निशिकांत हसला. पोरीचा कान तयार होता, सूर जसाच्या तसा उचलायची. पण ऐकलं ते त्यानं डोक्यात ठेवलं नाही. त्याच्या डोक्यात सात वाक्यं होती, आणि पहिल्या रांगेत बसणारा यादीवाला माणूस.

त्याच आठवड्यात गुरुप्रसादचा फोन आला. हा त्याचा जहाजावरचा जुना दोस्त. आता तुआसच्या एका शिपयार्डात फोरमन, राहायला मरीन परेडला.

"निश्या, ऐक. आमच्याकडे एक जागा निघालीय. बॉयलरसूट, हेल्मेट, शिफ्ट, सगळं भोगावं लागेल. पगार तुझ्या आत्ताच्या दोन तृतीयांश. पण दोन वर्षांचा करार, पास लगेच. आमच्या कोहसाहेबाला मी शब्द टाकलाय, माझा माणूस आहे म्हणून. शनिवारी दुपारी बारापर्यंत हो म्हण. नंतर तो थांबणार नाही, आणि मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"गुरू, मी तुझा आभारी आहे. विचार करून—"

"विचार कर, पण मराठीत कर."

नाटक शुक्रवारी होतं. शनिवारी बारा. निशिकांतला वाटलं, चांगलं जमलं. शुक्रवारी काय ते कळेलच.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता हॉल भरला. पहिल्या दोन रांगांत अमेरिकन, मागं कंपनीतले बाकीचे, शेवटी कोपऱ्यात पेम्बर्टन साहेबांचे चार-पाच म्हातारे इंग्रज मित्र. कुमुद आणि शिवांगी मध्ये. विंगेत निशिकांत, काळा कोट, पांढरे हातमोजे, डोक्यावर पिकल्या केसांचा टोप, गालांवर चिकटवलेले कल्ले. मंडळाच्या गणपतीत नाटकं करायचा तेव्हा रंगमंचाला हात लावून तो कपाळाला लावायचा. आज हातमोजा मळेल म्हणून मनातच लावला.

पडदा उघडला. मेजर म्हणाला, "मुरंबा यंदा थोडा... वाहतोय." मागच्या कोपऱ्यातून चार नाकांतून चार फुसकुल्या आल्या. इंग्रज माणूस हसताना हवा बाहेर सोडतो, आवाज आत ठेवतो. पहिल्या रांगेत चिडीचूप. मनापासून बघत होते सगळे, शाळेतल्या पोरांच्या स्नेहसंमेलनात आईबाप बघतात तसे, मान किंचित वाकडी करून, हसरं तोंड आधीच तयार ठेवून. काहीतरी घडलं की लगेच हसायला बरं. पण घडेचना. व्हिकार आला, गुडघ्याबद्दल बोलला, गेला. हॉब्सनं ट्रे आणला, दोन कप, गेला. मध्यंतरात एका अमेरिकन बाईनं मिस टेंना विचारलं, "ती बायको दुसऱ्या अंकात येते का?" मिस टे म्हणाल्या, "मे बी."

दुसरा अंक आणखी थंड. विंगेतून निशिकांतला डेलसाहेबांचा गुडघा दिसत होता. तो हलत होता. झालं, निशिकांत मनात म्हणाला. नाटक मेलं आणि आपणही.

मग शेवटचा प्रवेश. तो ट्रे घेऊन बाहेर आला. सात पावलं टेबलापर्यंत. त्यानं ट्रे ठेवला. एकच कप. हात मागं घेतला, पण घेताना जिथं दुसरा कप रोज असायचा तिथं बोट नकळत अर्धा क्षण थांबलं. हे कुणी शिकवलं नव्हतं. "आज एकच आणलाय, सर."

मेजरनं बघितलं. सगळ्या हॉलला ए.सी.चा आवाज ऐकू येऊ लागला.

"बरं केलंस, हॉब्स."

पडदा पडला. मागच्या कोपऱ्यात एका म्हाताऱ्यानं रुमालात जोरात नाक शिंकरलं. मध्ये कुमुदनं पदर डोळ्यांना लावला. आणि मग एकदम धडधड आवाज आला. पहिली रांग उठून उभी होती! दुसरीसुद्धा! हात डोक्यावर नेऊन टाळ्या, कुणीतरी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, "ब्राव्हो! वूऽऽ!" निशिकांत पडद्यामागं गोठला. चौदा वर्षांत या मंडळींसाठी कुणी खुर्चीतून बूड उचललं नव्हतं. इंग्रज लोक बसल्या जागी बोटांच्या टोकांनी टाळ्या वाजवायचे, पत्रावळ झटकल्यासारख्या. आणि इथं ही माणसं उभी! पोचलं. कप पोचला! आपण त्यांना उगीच कमी लेखलं.

बाहेरच्या जागेत सगळे ज्यूस पीत उभे होते. डेलसाहेब गर्दीतून सरळ त्याच्याकडे आले आणि त्याचा हातमोज्यातला हात दोन्ही हातांत धरला.

"मॅन! यू किल्ड इट! फिनॉमिनल! मी आयुष्यात असं काही पाहिलं नाही. तुझ्यासारखीच माणसं आपल्याला पाहिजेत, आय मीन इट. वी आर गॉना डू बिग थिंग्ज!"

निशिकांतनं मनातल्या मनात आपला जुना तराजू काढला. एका 'नॉट बॅड'वर बढती मिळालेला माणूस तो. 'काळजी केली नसती' एवढ्यावर आठांतून वाचलेला. त्या काट्यानं हे मोजायचं तर काटाच मोडला असता. त्याच्या तोंडून कसंबसं निघालं, "मोस्ट काइंड, सर." डेलसाहेब खो खो हसले. "आणि अजून त्या भूमिकेतच आहे बघा!" पाठीवर थाप मारून पुढं गेले, पुढच्या माणसाचा हात धरायला.

निशिकांत टोप काढायला आत गेला, तर तिथं पेम्बर्टन साहेब एकटेच उभे. मेजरचा कोट त्यांनी घडी घालून हातावर घेतला होता.

"तो क्षण," ते म्हणाले, "कपाच्या जागेवरचा. मला तो आवडला नाही असं नाही."

सतरा वर्षांतलं हे सर्वांत मोठं.

पेम्बर्टन साहेब कोटाचं एक बटण लावत राहिले. "निशिकांत, मी तुझ्या जागी असतो तर जरा इकडंतिकडंही पाहून ठेवलं असतं."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. या वाक्याचं वजन त्या इमारतीत निशिकांतइतकं कुणालाच कळलं नसतं. ही हाक होती. ही बंबाची घंटा होती. साहेबांनी यादी पाहिलेली होती. निशिकांतला हे कळलं, पुरतं कळलं. आणि तरीही त्यानं ते बाजूला ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्याची सालं काढून त्याची नखं झिजली होती. आज एका माणसानं सोललेलं फळ हातात दिलं होतं, सगळ्यांदेखत, मोठ्यानं. ते खावंसं त्याला वाटलं. बस, एवढंच झालं.

"थँक यू, सर," तो म्हणाला. "पण मिस्टर हेन्सली आत्ताच म्हणाले..."

"हो," पेम्बर्टन साहेब म्हणाले. "मी ऐकलं." आणि दिवा बंद करायला गेले.

शनिवारी सकाळी अकराला घरात भांडण झालं. म्हणजे कुमुद भांडली.

"गुरुभावजींना हो म्हणून टाका. हातात आलेलं आहे."

"अगं, तू होतीस ना तिथं? उभे राहिले ते! तुझ्यासारखीच माणसं पाहिजेत म्हणाला. तोंडावर म्हणाला. आणि मी तुआसला बॉयलरसूट घालून जाऊ? पन्नाशी उलटल्यावर?"

"घाला! दोन महिने घाला. तिचे पेपर होऊ देत, मग जाळा तो बॉयलरसूट. लिहून दिलंय का त्या गुलाबी माणसानं काही?"

"सगळं लिहून देत नसतात, कुमुद. बोलण्यावरून कळतं."

"तुम्हाला बोलण्यावरून सगळं कळतं," कुमुद म्हणाली आणि खिडकीबाहेरच्या दांडीवरचे कपडे ओढून काढू लागली. समोरच्या ब्लॉकवर इथल्या राष्ट्रदिनाचे झेंडे अजून लटकत होते. शिवांगी आतल्या खोलीत केमिस्ट्री मोठ्यानं वाचत होती, म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं.

बाराला दहा कमी असताना त्यानं फोन लावला.

"गुरू, मला वाटतं, इथं परिस्थिती तशी बरीचशी आशादायक—"

"निश्या, हो की नाही?"

"...नाही. पण तुझे उपकार—"

"मी कोहला सहा वेळा भेटलोय तुझ्यासाठी," गुरुप्रसाद म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्याचंच वाईट. "बरं. सुखी राहा."

सोमवारी नऊ वाजता मिस टेंचा निरोप आला. कॉन्फरन्स रूम. आत डेलसाहेब, मिस टे, एक पाकीट, टिश्यूचा खोका. टिश्यूचा खोका पाहून निशिकांतला वाटलं, कुणाला सर्दी झालीय.

"बडी!" डेलसाहेब उठून म्हणाले. "बस, बस. आधी हे सांगतो, यू आर अ रॉकस्टार. तुझं रेकॉर्ड अमेझिंग आहे. सतरा वर्षं! वाव! म्हणूनच हा निर्णय घेणं मला सुपर हार्ड गेलं."

निशिकांत ऐकत होता. एकाहून एक मोठे शब्द येत होते, आणि सगळे जाऊन पाकिटाशी थांबत होते. तुझा पुढचा अध्याय. तुझ्यासाठी आम्ही किती एक्सायटेड आहोत. आजचा दिवस शेवटचा, पगार महिनाअखेरपर्यंत, पास तेव्हा रद्द होईल. मिस टे खाली बघत होत्या.

"सर," निशिकांत म्हणाला. हे बोलायचं नाही असं त्याचं सतरा वर्षांचं वळण ओरडून सांगत होतं, तरी तो म्हणाला. "शुक्रवारी आपण मला म्हणालात, माझ्यासारखीच माणसं पाहिजेत."

डेलसाहेबांनी मनापासून आठवायचा प्रयत्न केला. माणूस वाईट नव्हता. "शुक्रवारी?"

"नाटकानंतर."

"ओ, द प्ले! लव्हड इट! तू होतास तिथं?" मग ते मिस टेंकडे वळले, पुन्हा निशिकांतकडे पाहिलं, त्याच्या काळ्या केसांकडे, तुळतुळीत गालांकडे. "वेट. तू... यू आर द बटलर गाय? नो वे! डूड! मला वाटलं कुणी बाहेरचा नट आणलाय!"

आणि ते हात पुढं करून, दात चमकवत, पुन्हा तेच म्हणाले. फिनॉमिनल.

खाली रस्त्यावर येऊन त्यानं गुरुप्रसादला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"शनिवारी साडेबाराला दिली जागा," गुरुप्रसाद म्हणाला. "मनिलाचा माणूस आहे. आज सकाळी रुजू झाला." थोडं थांबून म्हणाला, "कोह मला म्हणाला, पुन्हा तुझा माणूस आणू नकोस." आणि ठेवला.

भर अकराला नवरा दारात दिसला तेव्हा कुमुदनं काही विचारलं नाही. त्याच्या हातातला खोका तिनं घेतला आणि टेबलावर ठेवला. त्यानं सांगितलं. एकही शब्द गोल न करता, ओळीनं, सगळं सांगितलं. ऑगस्टअखेर पास रद्द. नंतर तीस दिवस. म्हणजे सप्टेंबर संपताना निघायचं. पेपर पंधरा-वीस दिवसांनी.

तिनं एकदाही 'मी म्हटलं नव्हतं का' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निशिकांतला बरं वाटलं असतं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि दोन पानं उचलून ऑक्टोबर बघत राहिली.

"तिचा एकटीचा विद्यार्थी म्हणून पास निघतो म्हणतात," ती शेवटी म्हणाली. "पण राहायला घर पाहिजे. जबाबदार माणूस पाहिजे इथला."

दोघांनाही एकच घर आठवलं. गुरुप्रसादचं, मरीन परेडचं. निशिकांतनं मान हलवली, नको म्हणून. कुमुदनं तिकडं पाहिलंच नाही. ती गुरुप्रसादच्या बायकोला फोन लावत आतल्या खोलीत गेली, पण दार पुरतं लागत नसे.

"शैला? अगं कुमुद बोलतेय. हो, हो, मजेत. तुझं कसं? ...हो ना, उकडतंय फार." तिचा आवाज असा हसरा की निशिकांतला ऐकवेना. "एक काम होतं गं. आमच्या शिवांगीचं. दोनच महिने. ती काही त्रास देणारी नाही, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. कोपऱ्यात गादी टाकली तरी पुरे. डबा तिचा ती करून घेते. खर्चाचं आम्ही... नाही, नाही, तसं नव्हे. भावजी रागावलेत, माहितीय मला. चुकलंच ह्यांचं. पण पोरीचं काय त्यात..."

मग पलीकडून शैला बोलत होती. आवाज इथवर येत होता, शब्द नाही.

मध्येच बाहेरचं दार उघडलं. शिवांगी, गणवेशात, पाठीवर दप्तर. शिक्षकांची मीटिंग होती म्हणून शाळा लवकर सुटली होती. तिनं बापाला बघितलं, टेबलावरचा खोका बघितला, खोक्यातला ऑफिसातला मग बघितला. "बाबा? व्हाय यू ॲट होम?"

त्यानं बोट ओठांवर ठेवलं. आतून आईचा आवाज आला, अजून तसाच हसरा.

"बरं. बरं गं. विचार ना भावजींना. काही घाई नाही. विचारून सांग."

हे सोलायला त्या घरात कुणाचीच गरज नव्हती. शिवांगीनं दप्तर खाली ठेवलं नाही. ती तशीच उभी राहिली, पट्टे दोन्ही हातांनी धरून, आणि आतल्या खोलीत फोन ठेवल्याचा आवाज झाल्यावरही आई बाहेर आली नाही.